थॉमस पेन यांच्याविषयीचे ग्रंथ आणि संशोधन : एक चिकित्सक आढावा

प्रस्तावना

अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात अमेरिका व फ्रान्स या दोन्ही देशांतील राज्यक्रांत्यांशी ज्यांचा प्रत्यक्ष संबंध आला, अशा मोजक्या लेखकांमध्ये थॉमस पेन (१७३७-१८०९) यांचा समावेश होतो. महाराष्ट्रातील अभ्यासकांना हे नाव प्रामुख्याने महात्मा जोतीराव फुले यांच्या संदर्भात परिचित आहे. फुले यांनी तरुणपणी पेन यांचा 'राइट्स ऑफ मॅन' हा ग्रंथ वाचला, हे विधान पाठ्यपुस्तकांत, शोधनिबंधांत आणि व्याख्यानांत वारंवार येते. परंतु त्या विधानानंतर पेन यांच्याविषयी सहसा दोन-चार वाक्यांपलीकडे काही लिहिले जात नाही. ते गुलामगिरीचे कट्टर विरोधक होते, स्त्रियांच्या हक्कांचे आद्य पुरस्कर्ते होते, नास्तिक होते, अशी विशेषणे एका लेखातून दुसऱ्या लेखात जशीच्या तशी उतरतात. यांतील काही विशेषणांचा आधार गेल्या काही दशकांच्या संशोधनाने काढून घेतला आहे, तर काही मुळातच चुकीची आहेत. म्हणून पेन यांच्यावरील ग्रंथांचा आढावा घेताना कोणता ग्रंथ कोणत्या साधनांवर उभा आहे, हे तपासणे आवश्यक ठरते.

प्रस्तुत लेखाची उद्दिष्टे पुढीलप्रमाणे आहेत :
१) पेन यांच्या चरित्रलेखनाचे व लेखनसंग्रहांचे प्रमुख टप्पे स्पष्ट करणे.
२) पेन यांच्या नावावरील लेखनाच्या कर्तृत्वाविषयी झालेल्या संशोधनाचा परिचय करून देणे.
३) या संशोधनाचा फुले-पेन संबंधाच्या अभ्यासावर काय परिणाम होतो, याचा विचार करणे.

पेन यांचे जीवन व लेखन

इंग्लंडमधील नॉरफक परगण्यातील थेटफर्ड येथे पेन यांचा जन्म झाला. वडील क्वेकर पंथाचे असून स्त्रियांच्या काचोळ्यांना ताठपणा देणाऱ्या पट्ट्या तयार करण्याचा त्यांचा व्यवसाय होता. पेन यांनी तो व्यवसाय केला, नंतर अबकारी खात्यात नोकरी केली आणि १७७२ मध्ये अबकारी कर्मचाऱ्यांच्या वेतनवाढीसाठी निवेदन लिहिले. नोकरी गेल्यानंतर बेंजामिन फ्रँकलिन यांचे शिफारसपत्र घेऊन ते १७७४ च्या अखेरीस फिलाडेल्फिया येथे पोहोचले. जानेवारी १७७६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या 'कॉमन सेन्स' या पुस्तिकेने वसाहतींच्या स्वातंत्र्याचा प्रश्न राजेशाहीच्या मूळ वैधतेशी नेऊन भिडवला. ही पुस्तिका प्रथम लेखकाच्या नावाविना प्रसिद्ध झाली होती, ही गोष्ट पुढील विवेचनासाठी महत्त्वाची आहे.

युद्धकाळात त्यांनी 'अमेरिकन क्रायसिस' ही पत्रकमालिका लिहिली. एडमंड बर्क यांनी फ्रेंच राज्यक्रांतीवर केलेल्या टीकेला उत्तर म्हणून 'राइट्स ऑफ मॅन'चा पहिला भाग १७९१ मध्ये आणि दुसरा भाग १७९२ मध्ये प्रसिद्ध झाला. या लेखनाबद्दल इंग्लंडमध्ये डिसेंबर १७९२ मध्ये त्यांच्या अनुपस्थितीत राजद्रोहात्मक लेखनाचा खटला चालवून त्यांना दोषी ठरवण्यात आले. तोपर्यंत ते फ्रान्सच्या राष्ट्रीय परिषदेवर निवडून गेले होते. तेथे त्यांनी राजाच्या देहदंडाला विरोध केला आणि पुढे डिसेंबर १७९३ ते नोव्हेंबर १७९४ या काळात ते पॅरिसमधील लक्झेंबर्ग तुरुंगात होते. 'द एज ऑफ रीझन' (१७९४-९५) या ग्रंथात त्यांनी बायबलच्या ईश्वरप्रणीतत्वावर टीका केली, तर 'अ‍ॅग्रेरियन जस्टिस' (१७९७) या पुस्तिकेत वारसाहक्काने मिळणाऱ्या संपत्तीवर कर बसवून त्यातून एकविसाव्या वर्षी प्रत्येकास पंधरा पौंड आणि पन्नाशीनंतर दरवर्षी दहा पौंड देण्याची योजना मांडली. १८०२ मध्ये ते अमेरिकेस परतले आणि ८ जून १८०९ रोजी न्यूयॉर्क येथे त्यांचे निधन झाले.

येथे एक गोष्ट स्पष्ट केली पाहिजे. 'द एज ऑफ रीझन'च्या आरंभीच पेन यांनी एका ईश्वरावरील आपली श्रद्धा व्यक्त केली आहे. सृष्टी हाच ईश्वराचा खरा ग्रंथ होय, अशी त्यांची भूमिका होती. त्यामुळे त्यांना 'नास्तिक' म्हणणे त्यांच्या स्वतःच्या शब्दांशी विसंगत आहे. हे विशेषण त्यांच्या विरोधकांनी प्रचलित केले, आणि ते पुढे प्रशंसकांच्याही लेखनात शिरले.

साधनांची मर्यादा

पेन यांच्या अभ्यासातील मुख्य अडचण साधनांची आहे. त्यांच्याजवळची बहुतांश खासगी कागदपत्रे त्यांच्या मृत्यूनंतर मार्गरीत बोनव्हील यांच्या कुटुंबाकडे गेली आणि पुढे नष्ट झाली. जेफरसन किंवा अ‍ॅडम्स यांच्याबाबतीत अभ्यासकाला हजारो पत्रे, टिपणे व मसुदे उपलब्ध असतात. पेन यांच्याबाबतीत मुख्य आधार छापील मजकुराचा आहे, आणि त्या मजकुरापैकी काही भाग निनावी किंवा टोपणनावाने प्रसिद्ध झालेला आहे. अशा स्थितीत कोणता मजकूर पेन यांचा मानावयाचा, हे ठरवणारा संपादक त्यांच्या चरित्रकाराइतकाच प्रभावी ठरतो. लेखनसंग्रहात एखादा लेख घातला गेला, की पुढील दोन पिढ्यांचे चरित्रकार त्या लेखाच्या आधारे पेन यांचे व्यक्तिमत्त्व रेखाटतात.

चरित्रलेखनाचा पहिला टप्पा : विरोधक आणि मित्र

पेन यांचे पहिले चरित्र त्यांच्या हयातीतच, १७९१ मध्ये, 'फ्रान्सिस ओल्डिस' या टोपणनावाने प्रसिद्ध झाले. त्याचे खरे लेखक जॉर्ज चामर्स हे ब्रिटिश सरकारच्या सेवेतील अधिकारी होते. पेन यांची प्रतिष्ठा नष्ट करणे हा या चरित्राचा उघड हेतू होता. तथापि, पेन यांच्या पूर्वायुष्याविषयी चामर्स यांनी जमवलेला तपशील पुढील अभ्यासकांना पूर्णपणे टाकून देता आलेला नाही. दुसरे प्रतिकूल चरित्र जेम्स चीटम यांनी १८०९ मध्ये लिहिले. एके काळचे राजकीय सहकारी असलेल्या चीटम यांनी पेन यांच्या अखेरच्या काळाचे अत्यंत हीन चित्र रंगवले. त्यातील मजकुराबद्दल मार्गरीत बोनव्हील यांनी बदनामीचा दावा केला आणि त्यात चीटम दोषी ठरले.

याच्या उलट बाजूस क्लिओ रिकमन या मित्राने १८१९ मध्ये लिहिलेले चरित्र आहे. त्याच सुमारास रिचर्ड कार्लाइल यांनी 'द एज ऑफ रीझन' पुनर्मुद्रित करून त्यासाठी दीर्घ तुरुंगवास भोगला. विल्यम कॉबेट यांनी तर १८१९ मध्ये न्यू रोशेल येथील शेतातून पेन यांच्या अस्थी उकरून इंग्लंडला नेल्या. तेथे अपेक्षित स्मारक उभे राहिले नाही आणि त्या अस्थी पुढे नाहीशा झाल्या. या टप्प्यावरील लेखन बदनामी किंवा बचाव अशा दोनच प्रकारांत मोडते, असे दिसून येते.

कॉन्वे ते फोनर : संग्रहांची निर्मिती

पुराव्यांच्या आधारे लिहिलेले पहिले विस्तृत चरित्र मॉन्क्युअर कॉन्वे यांचे होय. ते १८९२ मध्ये दोन खंडांत प्रसिद्ध झाले आणि १८९४ ते १८९६ या काळात त्यांनी पेन यांच्या लेखनाचे चार खंड संपादित केले. कॉन्वे हे व्हर्जिनियातील गुलाम बाळगणाऱ्या कुटुंबात जन्मले, परंतु गुलामगिरीविरोधी चळवळीत उतरले आणि पुढे लंडनमध्ये मुक्त धर्मविचारांचे प्रवक्ते झाले. पेन यांच्यात त्यांना आपला पूर्वसुरी दिसला, हे स्वाभाविक होते. १७७५ मध्ये फिलाडेल्फियातील वृत्तपत्रात आलेला 'आफ्रिकन स्लेव्हरी इन अमेरिका' हा निबंध त्यांनी पेन यांचा मानून संग्रहात घेतला. पेन यांचे परिचित डॉ. बेंजामिन रश यांनी तीन दशकांनंतर लिहिलेली आठवण हा यामागील प्रमुख आधार होता.

१९४५ मध्ये फिलिप फोनर यांनी दोन खंडांत पेन यांचे 'संपूर्ण लेखन' प्रसिद्ध केले. पुढील अर्धशतकाहून अधिक काळ बहुसंख्य अभ्यासकांनी याच संचातील पृष्ठक्रमांक दिले. संचाच्या नावातील 'संपूर्ण' या शब्दामुळे त्यातील प्रत्येक लेखाचे कर्तृत्व सिद्ध झाले आहे, असा समज दृढ झाला. वस्तुतः 'अ‍ॅन ऑकेजनल लेटर ऑन द फीमेल सेक्स' या लेखाबाबत १९३० मध्येच फ्रँक स्मिथ यांनी दाखवून दिले होते की, तो आंत्वान-लेओनार तोमा या फ्रेंच लेखकाच्या पुस्तकाच्या इंग्रजी भाषांतरातून घेतलेला आहे. तरीही तो लेख १९४५ च्या संचात राहिला. पेन यांना स्त्रीहक्कांचे आद्य पुरस्कर्ते ठरवणारी अनेक विधाने याच एका लेखावर आधारलेली आहेत.

विसाव्या शतकाच्या उत्तरार्धातील संशोधन

या काळात पेन यांच्याकडे पाहण्याची दृष्टी बदलली. आल्फ्रेड ओवेन ऑल्ड्रिज यांनी १९५९ च्या चरित्रात फ्रान्समधील साधनांचा उपयोग केला. ई. पी. टॉमसन यांनी १९६३ च्या इंग्रज कामगारवर्गाच्या इतिहासात 'राइट्स ऑफ मॅन'ला त्या चळवळीच्या पायाभूत ग्रंथांत स्थान दिले. एरिक फोनर यांनी १९७६ मध्ये पेन यांना फिलाडेल्फियातील कारागीर व लहान व्यावसायिक यांच्या सामाजिक संदर्भात ठेवले. संपादक फिलिप फोनर हे त्यांचे काका होत, परंतु दोघांच्या कामाचे स्वरूप भिन्न आहे. पेन यांची भाषा सामान्य वाचकाला राजकारणाच्या चर्चेत कशी आणते, हा एरिक फोनर यांच्या मांडणीचा गाभा आहे.

ग्रेगरी क्लेज यांनी १९८९ मध्ये पेन यांच्या सामाजिक व राजकीय विचारांचे सैद्धांतिक विश्लेषण केले. जॉन कीन यांचे १९९५ चे चरित्र तपशीलाच्या दृष्टीने समृद्ध आहे. हार्वे के यांनी २००५ मध्ये पेन यांच्या स्मृतीचा इतिहास लिहिला. १९८० मध्ये रोनाल्ड रेगन यांच्यासारख्या पुराणमतवादी नेत्यानेही आपल्या भाषणात पेन यांचे वचन उद्धृत केले होते, याकडे त्यांनी लक्ष वेधले आहे. डाव्या आणि उजव्या दोन्ही बाजूंना पेन हवेसे वाटतात, ही बाब त्यांच्या लेखनाच्या निवडक वाचनाकडे निर्देश करते.

खपाच्या आकड्यांचा प्रश्न

'कॉमन सेन्स'चा खप हे चिकित्सेचे आणखी एक उदाहरण होय. पेन यांनी स्वतः लाखाच्या वरचे आकडे सांगितले होते. पुढील लेखकांनी ते पाच लाखांपर्यंत नेले. त्या वेळी वसाहतींची एकूण लोकसंख्या सुमारे पंचवीस लाख होती आणि तीत गुलामगिरीतील लोकांचाही समावेश होता, हे लक्षात घेतल्यास या आकड्याची अशक्यता ध्यानात येते. ट्रिश लॉफ्रन यांनी २००७ मध्ये कागदाचा तुटवडा, छापखान्यांची क्षमता आणि दळणवळणाची स्थिती यांचा विचार करून असे प्रतिपादन केले की, प्रत्यक्ष खप रूढ आकड्यांपेक्षा पुष्कळच कमी असला पाहिजे. एका पुस्तिकेने संपूर्ण राष्ट्र जागे केले, ही कथा बऱ्याच अंशी नंतरच्या काळाची निर्मिती आहे, असा त्यांचा निष्कर्ष आहे. यामुळे पुस्तिकेचे महत्त्व नाहीसे होत नाही. १७७६ या एकाच वर्षात तिच्या अमेरिकेत अनेक ठिकाणी आवृत्त्या निघाल्या, हे रिचर्ड गिंबेल यांच्या १९५६ च्या सूचीवरून स्पष्ट आहे. मात्र प्रभाव मोजण्यासाठी खपाचा आकडा पुढे करताना सावधगिरी बाळगली पाहिजे, एवढे निश्चित.

कर्तृत्वनिश्चिती आणि शैलीमापन

निनावी लेखांचे कर्तृत्व ठरवण्याच्या प्रश्नाला अलीकडे संगणकीय साहाय्य मिळाले आहे. या पद्धतीस शैलीमापन असे म्हणता येईल. प्रत्येक लेखक उभयान्वयी अव्यये, शब्दयोगी अव्यये आणि तत्सम लहान शब्द विशिष्ट प्रमाणात, नकळत वापरत असतो. विषय बदलला तरी हे प्रमाण फारसे बदलत नाही. निर्विवादपणे पेन यांचे असलेले लेखन आणि त्यांच्या समकालीन लेखकांचे लेखन यांतील अशी प्रमाणे काढून संशयित मजकुराची त्यांच्याशी तुलना केली जाते. न्यू रोशेल येथील आयोना या शिक्षणसंस्थेतील पेन-अध्ययन केंद्राशी संबंधित अभ्यासकांनी असे काम केले असून, 'आफ्रिकन स्लेव्हरी इन अमेरिका' हा निबंध पेन यांचा नसावा असा निष्कर्ष काढला आहे. संगणकाचा आधार न घेता जेम्स लिंच यांनीही १९९९ मध्ये या निबंधाच्या कर्तृत्वावर आक्षेप घेऊन, गुलामगिरीच्या प्रश्नावर पेन यांचा सार्वजनिक सहभाग मर्यादित होता, असे मांडले होते.

शैलीमापनाच्या मर्यादाही नमूद केल्या पाहिजेत. मजकूर लहान असेल तर निष्कर्ष दुबळा ठरतो. संपादकाने भाषा बदललेली असल्यास अडचण येते. तुलनेसाठी निवडलेल्या लेखकांत खरा लेखकच नसेल, तर यंत्र चुकीच्या जवळच्या नावाकडे बोट दाखवते. म्हणून ही पद्धत इतर पुराव्यांची जागा घेत नाही, ती त्यांना पूरक ठरते.

जे. सी. डी. क्लार्क यांनी २०१८ च्या ग्रंथात ही चिकित्सा पुढे नेली. 'राइट्स ऑफ मॅन'मधील फ्रान्सच्या घटनाक्रमाचा काही भाग मुळात लाफायेत यांच्याकडून आलेला असावा, असा तर्क त्यांनी मांडला आहे. पेन यांना आधुनिक मानवी हक्कांचे जनक मानण्याऐवजी अठराव्या शतकातील इंग्रज ईश्वरवादी व राजेशाहीविरोधी परंपरेत त्यांना ठेवावे, असा त्यांचा आग्रह आहे. त्यांची सर्व मते मान्य झालेली नाहीत. त्याच वर्षी कारीन लूनिसी यांनी फ्रेंच राज्यक्रांतीतील पेन यांच्या वैचारिक सहभागाचा स्वतंत्र अभ्यास प्रसिद्ध केला.

मग गुलामगिरीविषयी पेन यांच्या नावावर काहीच उरत नाही काय? तसे नाही. लुइझियानातील फ्रेंच रहिवाशांनी गुलामांच्या आयातीचा अधिकार मागितला असता पेन यांनी १८०४ मध्ये त्यांना दिलेले कठोर उत्तर उपलब्ध आहे. १७८० मध्ये पेनसिल्व्हेनियाने क्रमिक गुलाममुक्तीचा कायदा केला तेव्हा पेन विधिमंडळाचे कार्यवाह होते. त्या कायद्याची प्रस्तावना त्यांनीच लिहिली असे काहींनी मानले असले, तरी त्यास निर्णायक पुरावा नाही. म्हणजे ते गुलामगिरीचे विरोधक होते, हे विधान टिकते. ते त्या चळवळीचे अग्रणी होते, हे विधान टिकत नाही.

भारतीय अभ्यासकांसाठी आणखी एक उदाहरण लक्षणीय आहे. रॉबर्ट क्लाइव्ह यांच्या मृत्यूवर १७७५ मध्ये फिलाडेल्फियातील मासिकात टोपणनावाने आलेला लेख पेन यांच्या संग्रहांत समाविष्ट आहे. पेन यांच्या भारतविषयक विचारांचा पुरावा म्हणून तो वापरावयाचा असेल, तर 'पेन यांच्या नावावर असलेला लेख' असा सावध उल्लेख करणे इष्ट. याउलट 'क्रायसिस' मालिकेतील जानेवारी १७७७ चे दुसरे पत्रक निःसंशय त्यांचे आहे, आणि ब्रिटनने भारतात व आफ्रिकेत केलेल्या अत्याचारांचा उल्लेख त्यात आहे. आधार द्यावयाचा झाल्यास तो या पत्रकाचा द्यावा.

महाराष्ट्राच्या संदर्भात

पेन यांचे ग्रंथ भारतात लवकर पोहोचले. कलकत्त्यात १८३० च्या सुमारास हिंदू कॉलेजच्या विद्यार्थ्यांमध्ये 'द एज ऑफ रीझन'ला मोठी मागणी होती. अमेरिकेतून जहाजाने प्रती आल्या आणि त्यांची किंमत भराभर वाढली, अशी तक्रार मिशनरी अलेक्झांडर डफ यांनीच नोंदवून ठेवली आहे. मिशनऱ्यांनी दिलेल्या इंग्रजी शिक्षणातूनच मिशनऱ्यांच्या धर्माची चिकित्सा करणारा ग्रंथ वाचला गेला, हा या घटनेतील विशेष होय.

फुले यांनी पुण्यातील स्कॉटिश मिशनच्या शाळेत शिक्षण घेतले आणि १८४७ च्या सुमारास सदाशिव बल्लाळ गोवंडे यांच्यासह पेन यांचे लेखन वाचले, असे धनंजय कीर प्रभृती चरित्रकार सांगतात. रोझलिंड ओ'हॅन्लन यांनी १९८५ च्या ग्रंथात या वाचनाचा विचार मिशनरी प्रचार, तत्कालीन शिक्षण आणि स्थानिक धार्मिक वाद यांच्या एकत्रित पार्श्वभूमीवर केला आहे. ही पद्धत अनुकरणीय आहे. 'गुलामगिरी' (१८७३) हा ग्रंथ फुले यांनी गुलाममुक्तीच्या कार्याबद्दल अमेरिकेतील लोकांना अर्पण केला. त्यामागे अमेरिकेतील यादवी युद्ध व त्यानंतरची गुलाममुक्ती यांचा संदर्भ आहे. त्यासाठी पेन यांच्या नावावरील १७७५ च्या निबंधाशी ओढूनताणून नाते जोडण्याची आवश्यकता नाही. तो निबंध कॉन्वे यांच्या संग्रहात आला तेव्हा फुले यांचे निधन होऊन चार वर्षे झाली होती.

खरे साम्य अन्यत्र शोधावे लागते. 'राइट्स ऑफ मॅन'चा गाभा असा की, कोणत्याही पिढीला पुढील सर्व पिढ्यांना कायमचे बांधून टाकण्याचा अधिकार नाही. १६८८ च्या संसदेचा दाखला देणाऱ्या बर्क यांना पेन यांनी हेच उत्तर दिले. जन्माने मिळणारा अधिकार आणि प्राचीनतेने मिळणारी मान्यता या दोहोंना दिलेला हा नकार, जातिव्यवस्थेचे समर्थन करणाऱ्या ग्रंथप्रामाण्याला फुले यांनी दिलेल्या नकाराशी ताडून पाहता येतो. तसेच फुले यांची 'निर्मिक' ही संकल्पना आणि पेन यांचा सृष्टीतून प्रकट होणारा ईश्वर यांचीही तुलना करता येते. तथापि, साम्य म्हणजे प्रभाव नव्हे. परमहंस सभेची एकेश्वरवादी भूमिका, मिशनऱ्यांचे खंडनमंडन आणि संतपरंपरा हे सर्व प्रवाह फुले यांच्या भोवती होते. शिवाय शूद्रातिशूद्रांच्या दास्याचा प्रत्यक्ष अनुभव हा त्यांच्या विचाराचा मूळ स्रोत कोणत्याही परकीय ग्रंथाने भरून निघणारा नव्हता.

संग्रह बदलला की लेखकाचे चित्र बदलते, हे आपल्याकडेही घडले आहे. महात्मा फुले समग्र वाङ्मयाची पहिली आवृत्ती १९६९ मध्ये निघाली, तर १८५५ मध्ये लिहिलेले 'तृतीय रत्न' हे नाटक १९७९ मध्ये प्रथम प्रकाशात आले. त्यामुळे फुले यांच्या लेखनाचा आरंभच मागे सरकला. पेन यांच्या बाबतीत काही लेखन वगळले गेले, फुले यांच्या बाबतीत भर पडली. दोन्ही ठिकाणी धडा एकच आहे.

निष्कर्ष

१) पेन यांची खासगी कागदपत्रे नष्ट झाल्यामुळे त्यांच्या लेखनसंग्रहांचे संपादक हेच त्यांच्या प्रतिमेचे प्रमुख घडवणारे ठरले आहेत.
२) स्त्रीहक्कांविषयीचा लेख पेन यांचा नाही. गुलामगिरीविषयीचा १७७५ चा निबंध त्यांचा म्हणून उद्धृत करणे आता समर्थनीय नाही. 'नास्तिक' हे विशेषण त्यांच्या स्वतःच्या लेखनाशी विसंगत आहे.
३) 'राइट्स ऑफ मॅन'मधील वंशपरंपरागत सत्तेची चिकित्सा, मुले, वृद्ध व गरिबांना साहाय्य देण्याच्या योजना आणि 'अ‍ॅग्रेरियन जस्टिस'मधील संपत्तीचा विचार हे पेन यांच्या कार्याचे भक्कम भाग आहेत. अध्यापनात त्यांवर भर द्यावा.
४) फुले-पेन संबंधावर लिहिताना वाचनाचा पुरावा, विचारांतील साम्य आणि प्रभाव या तीन बाबी वेगळ्या ठेवल्या पाहिजेत.

पदव्युत्तर वर्गातील विद्यार्थ्यांकडून 'राइट्स ऑफ मॅन'चा पहिला भाग आणि 'शेतकऱ्याचा असूड' किंवा 'गुलामगिरी' यांचे शेजारी शेजारी वाचन करून घेतल्यास, दुय्यम ग्रंथांतील तयार विधानांपेक्षा अधिक काही हाती लागेल. पेन यांचा संपूर्ण युक्तिवाद हाच मुळी परंपरेने हाती आलेले विधान तपासल्याशिवाय न स्वीकारण्याचा होता. त्यांच्याविषयीच्या विधानांनाही हा निकष लावणे उचित होय.